टिकणारी माणसं

९ जून २०२४, रविवार

पोचलो. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. दोन मिनिटं मला बहारीन दिसलंच नाही. जयप्रकाश सर स्वतः गाडी घेऊन आले होते. पुण्याचे, पन्नाशीचे, इंजिनियर, इथे सोळा वर्षं. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि स्वतः डिकीत ठेवली. तारापूरच्या गॅस प्लांटमध्ये मी चौदा वर्षं द्रवरूप नायट्रोजन भरला, पण कुठल्या साहेबाने माझी बॅग उचलल्याचं आठवत नाही.

खोली सनदला आहे, पहिल्या मजल्यावर, एसी चांगला. समोर बेकरी. संध्याकाळी गरम खुबूज, म्हणजे इथली रोटी, घ्यायला रांग लागते, मीही लागलो. ग्रेसीला व्हिडिओवर सगळं घर फिरवून दाखवलं. ती म्हणाली, आधी पडदे लाव. लग्नाला सहा वर्षं झाली, एवढं लांब पहिल्यांदाच राहतोय. मी फोनवर हं-हं करतो, काही सांगत नाही, अशी तिची कायमची तक्रार. म्हणून ही वही तिनेच बॅगेत टाकली. रोज लिही, मी आले की वाचेन, म्हणाली. तेव्हा ग्रेसी, नवऱ्याचं अक्षर सोसून घे.

११ जून, मंगळवार

आज काम बघितलं. गावी, वसईच्या नंदाखालमध्ये कोणाला सांगावं असं काम नाही, म्हणून इथेच नीट लिहितो.

तुबलीत गॅरेजांच्या रांगेमागे मासळीचं एक जुनं कोल्ड स्टोअरेज आहे. कंपनीने ते घेऊन आत स्टीलच्या पाच टाक्या उभ्या केल्यात, प्रत्येक दीड पुरुष उंच. टाकीत द्रवरूप नायट्रोजन, उणे एकशे शहाण्णव अंश. आणि नायट्रोजनमध्ये मेलेली माणसं, डोकं खाली, पाय वर. पुढेमागे विज्ञान त्यांना उठवेल, या आशेवर ठेवलेली. सर त्यांना पेशंट म्हणतात. किती वर्षं ठेवायची, असं मी विचारलं. शंभर, दीडशे, लागतील तेवढी, म्हणाले.

हीच जागा का, तेही त्यांनी समजावलं. इथे भूकंप नाही, पूर नाही, नायट्रोजनचा टँकर अर्ध्या तासात येतो, आणि शेजारचे गॅरेजवाले आपल्या इंजिनांत डोकं घालून असतात. जागा मिळाली, पण माणसं मिळत नाहीत. नायट्रोजन सारखा उडत असतो, दर आठवड्याला भरावा लागतो. भरणारा कंटाळून गेला की संपलं. चार वर्षांपूर्वी शेरविन नावाचा टेक्निशियन ऐन ऑगस्टमध्ये कोणाला न सांगता निघून गेला, भरणं राहिलं, आणि एका टाकीतले दोन पेशंट गेले. मेलेली माणसं पुन्हा कशी जातात, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण सरांचे डोळे भरले होते.

‘मला हुशार माणसं नकोत, लान्सी,’ ते म्हणाले. ‘टिकणारी हवीत.’

मी म्हटलं, सर, चौदा वर्षं एका खुर्चीवर काढलीत. टिकण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

१३ जून, गुरुवार

इथे आणखी दोघं आहेत. जैनुद्दीन, साठीचा, रत्नागिरीकडचा, खेड तालुक्यातला. टाक्या भरणं त्याच्याकडेच होतं, आता गुडघे चालत नाहीत म्हणून मला आणलंय. आणि अकीला, हैदराबादची, पूर्वी नर्स होती. नवा पेशंट आला की त्याची तयारी ती करते. म्हणजे काय करते ते मी विचारलेलं नाही.

खेडचा माणूस म्हणून मी हौसेने मराठीत बोलायला गेलो. काय चाचा, बरे आहात ना? त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, मराठी मफी. मफी म्हणजे इथल्या अरबीत ‘नाही’. पुढे हिंदीतही काही नाही. दुपारी दोघं जेवायला बसली. मी डबा घेऊन शेजारी बसलो तर दोघं उठून आत गेली. परदेशात आपलं माणूस भेटावं म्हणतात. हे असलं आपलं माणूस.

१६ जून, रविवार

ईद. सगळी तुबली बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही. सुट्टी असूनही जैनुद्दीन आला. पांढराशुभ्र कुर्ता, अत्तराचा वास. तीन नंबरच्या टाकीजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसून होता. मी ईद मुबारक म्हटलं. त्याने खुर्ची उचलली आणि माझ्याकडे पाठ करून पुन्हा मांडली.

२१ जून, शुक्रवार

मनामाला मिस्साला गेलो. चर्चबाहेर वसईची निम्मी पंचक्रोशी भेटली. सॅब्रिना, ग्रेसीची मोठी बहीण, अरादला राहते, अकरा वर्षं इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. घरी नेऊन जेवू घातलं, आपल्याकडच्या सणाच्या पुऱ्यांसारखे फुगे तळले होते. माझं काम ऐकून तिचा हात ताटावरच थांबला. म्हणाली, माणूस गेला की त्याला माती द्यावी, त्याच्यासाठी प्रार्थना करावी. हे असं टांगून ठेवायचं म्हणजे त्याला ना इथलं ठेवलं ना तिथलं. मी म्हटलं, मी फक्त गॅस भरतो. ती हसली नाही.

२५ जून, मंगळवार

आज माझ्या डब्यात फिनेल. पहिला घास तोंडात गेल्यावर कळलं. अकीला समोर उभी राहून बघत होती, लपायचीसुद्धा गरज वाटली नाही तिला.

गेल्या आठवड्यात जैनुद्दीनने मला मागच्या अंगणात कोंडलं. दुपारी साडेबाराला, सेहेचाळीस अंशांत, पत्र्याच्या सावलीला पाऊण तास. दार बडवून हात सुजले. दार उघडून तो हिंदीत एवढंच म्हणाला, इथे असंच आहे, जमत नसेल तर जा.

मी सरांना सांगितलं नाही. चहाडी करणाऱ्यातला मी नाही. पण जाणाऱ्यातलाही नाही. या दोघांना काय वाटतं, वसईचा माणूस फिनेलला घाबरेल?

३० जून, रविवार

देव माझ्या बाजूने आहे. सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की अकीलाच्या मदतीला एक नर्स हवी आहे, तुमच्या मिसेस नर्सच आहेत, तर त्याच का नकोत. व्हिसा, तिकीट, सगळं कंपनी बघेल. नवरा-बायको एकत्र असले की माणूस स्थिर राहतो, म्हणाले. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. ग्रेसी फोनवर आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, सुटकेस छोटी पडेल.

मुद्दाम दोघांच्या समोर जाऊन सांगितलं. अकीला आत निघून गेली. जैनुद्दीन माझ्याजवळ आला, इतका जवळ की त्याचा श्वास लागत होता, आणि स्वच्छ मराठीत बोलला.

‘बायकोला इथे आणू नको. तूही जा. तुझी गरज नाय इथे कोणाला.’

म्हणजे मराठी येतं! तीन आठवडे माझ्याशी नाटक. मला त्याच्या शब्दांपेक्षा त्या नाटकाचाच राग आला. मी तसाच केबिनमध्ये गेलो आणि सरांना म्हटलं, व्हिसाचं जरा लवकर करा.

४ जुलै, गुरुवार

आता माझ्या नोकरीवर उठलेत. सरांकडे तक्रार गेली की मी ड्यूटीवर पिऊन येतो. लेखी, दोघांच्या सह्या. लॉकरमध्ये बाटली सापडली म्हणे. सरांनी कागद माझ्यासमोर फाडला. म्हणाले, त्यांना माफ करा, या कामात माणसं कडवट होतात. तुम्ही तसे होऊ नका.

असा साहेब जन्मात भेटला नव्हता.

९ जुलै, मंगळवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर —

भरणं चालू होतं. मी नळी धरून शिडीवर. जैनुद्दीन खाली व्हॉल्व्हवर. मी थांब म्हटलं, त्याने पूर्ण सोडला. नळी उसळली आणि उजव्या हाताच्या दोन बोटांवर गार धार. ग्लोव्ह होता म्हणून बोटं राहिली. फोड आलेत, पिकतील. चूक नव्हती ती. माझ्याकडे बघत त्याने फिरवला. आणि रडत होता. म्हातारा व्हॉल्व्ह धरून रडत होता आणि सोडतही होता.

वेडा आहे. ग्रेसी आली की दोघं मिळून बघू.

१९ जुलै, शुक्रवार

ग्रेसी आली! सुटकेस दोन, वजन काट्यावर. पैकी एक निम्मी सुकटीने भरलेली, सगळ्या खोलीला वास. माझा हात बघून चिडली, मग स्वतः ड्रेसिंग केलं. संध्याकाळी सॅब्रिनाकडे. दोघी बहिणी स्वयंपाकघरात अशा काही हसत होत्या की मी दाराशी नुसता उभा राहिलो.

वही मागितली तिने. दिली नाही. सगळी भांडणंच लिहून ठेवलीत, उगाच घाबरेल. रविवारी सर तिला जागा दाखवणार आहेत, सही वगैरे. त्यानंतर देईन.

२३ जुलै, मंगळवार

लिहायला हवं. लिहिलं नाही तर मला वाटतं, झालंच नाही.

रविवारी सकाळी दहाला आम्ही पोचलो. सरांनी तिला चहा दिला. मला म्हणाले, गॅरेजवाल्याकडून व्हॉल्व्हचा वॉशर तेवढा आणा, पाच मिनिटांचं काम. मी गेलो. फाटकातून बाहेर पडताना बर्फाची गाडी आत येत होती. मी बाजूला झालो. ड्रायव्हरने हात केला, मीही केला.

परत आलो तेव्हा ती टाक्यांच्या खोलीत जमिनीवर. अंगावर जखम नाही. चेहरा शांत. पंखा बंद होता. आतली हवा बाहेर ओढणारा तो पंखा कधी बंद नसतो. नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो, कोंदल्यासारखंही वाटत नाही. पंखा बंद असेल आणि व्हॉल्व्ह सुटला असेल तर दोन श्वास. तिसरा येत नाही. चौदा वर्षं मी नव्या पोरांना हेच शिकवलं —

मी श्वास रोखून तिला दाराबाहेर आणलं आणि तिची छाती दाबत राहिलो. अकीलाने मला ओढून काढलं. सर माझ्या शेजारी फरशीवर बसले. रडत होते. खोटं नाही, खरं रडत होते.

‘वेळ नाही, लान्सी. आत्ता ठरवा,’ ते म्हणाले. ‘पुरलीत तर ती गेली. इथे ठेवलीत तर ती फक्त थांबली आहे.’

मी सही केली.

डॉक्टर आला, हृदय बंद पडलं असं लिहून गेला. बर्फ तयार होता.

२४ जुलै

बर्फ तयार होता. आम्हाला बर्फ लागत नाही. इथे बर्फ फक्त नवा पेशंट आला की लागतो.

गाडी मी जाताना आली. ती तेव्हा चहा पीत होती.

२६ जुलै, शुक्रवार

मिस्साला गेलो नाही. जैनुद्दीनने खुर्ची माझ्याजवळ आणली. ग्रेसीच्या, पाच नंबरच्या टाकीसमोर. मराठीतच बोलला, खाली बघत.

‘तीन नंबरात माझा बासित आहे. माझा मुलगा. तीन वर्षांपूर्वी मला भेटायला आला होता, पंधरा दिवस. पंखा त्या दिवशी पण बंद होता.’

चार नंबरात अकीलाची लेक आहे, लाईबा. एकोणीस वर्षांची. एक नंबरात सुनीताबाई, सरांची बायको. ती एकटीच आजाराने गेली, सगळ्यांत आधी. त्यानंतर सरांनी नऊ वर्षांत एक सुट्टी घेतली नाही. स्वतःकडे बघूनच सरांना कळलं की इथे कोण टिकतं. ज्याचं माणूस आत आहे, तोच. शेरविनचं आत कोणी नव्हतं. म्हणून तो जाऊ शकला.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? एका शब्दाने सांगायचं होतं.

तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू पोलिसाकडे गेला असतास. पोलिस इथे टाळं लावतील. मग बासितला कोण भरेल? म्हणून नुसतं हाकलत होतो. तू जातच नव्हतास. तुझी बोटं जाळली, तरी गेला नाहीस.

मी त्याला मारायला हात उचलला. तो हलला नाही. म्हणाला, मार.

३० जुलै

पोलिस ठाण्यासमोर उभा होतो. समोरच्या फुटपाथवर, सकाळी नऊपासून. आत जायचं, सांगायचं. ही वही दाखवायची.

मग सील. मग वीज कापतील. मग चौकशी, कोर्ट, महिने. आम्ही सगळे तुरुंगात. भरणार कोण? आठव्या दिवशी पातळी खांद्यापर्यंत — डोकं खाली आहे, म्हणजे पाय आधी. पाय आधी उघडे पडतील. तिचे पाय.

अकरा वाजता टँकर येणार होता. परत आलो.

मेलेलं माणूस मेलं, असं मीच म्हणायचो.

२ ऑगस्ट

सरांनी पासपोर्ट आणून दिला. तिकीटही, तारीख न घातलेलं. कधीही जा, कोणी अडवणार नाही. फाटक उघडं असतं.

अकीलाने माझ्या बोटांवरची पट्टी बदलली. हळू हाताने. ती आता माझ्याशी बोलते. तिघं एकत्र जेवतो. हेच सगळ्यांत —

मी तिला विचारलं, तुझा विश्वास आहे का, की ही माणसं उठतील म्हणून. म्हणाली, नाही. मग पट्टीची गाठ मारत म्हणाली, पण मी नसले आणि लाईबा उठली तर?

५ ऑगस्ट

सॅब्रिनाचे फोन. उचलत नाही.

वसईहून ग्रेसीच्या आईचा निरोप. नंदाखालला कबर खणून तयार आहे. फादर थांबलेत. मुलीला घरी पाठवा. एवढंच म्हणते, घरी पाठवा.

सही माझी आहे. पण सॅब्रिनाने वकील गाठलाय. ती मेसेजमध्ये म्हणते, सही घेतली तेव्हा तू शुद्धीवर नव्हतास, लान्सी, मी कोर्टात तेच सांगेन. माझ्या बाजूने बोलते आहे ती. माझ्यासाठी.

बाहेर काढलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. गोठलेलं मांस — ते मला ठाऊक आहे.

८ ऑगस्ट

सॅब्रिना फाटकाशी आली. मी आत उभा. दोघांमध्ये जाळी. मी म्हटलं, जा. ओरडलो तिच्यावर. घाण बोललो, तिच्या नोकरीवरून, तिच्या एकटं राहण्यावरून. तिने जावं म्हणून. कायमचं जावं म्हणून.

जाळीतून बोटं घालून तिने माझा शर्ट धरला. ‘तुला काय केलं यांनी?’ म्हणाली.

शनिवारी येते म्हणाली. कोर्टाचे कागद घेऊन.

९ ऑगस्ट

सर म्हणाले, मी काही सांगणार नाही. तुम्ही ठरवा.

जैनुद्दीन माझ्याकडे बघत नाही.

दोन नंबरात जागा रिकामी आहे. शेरविनच्या वेळी गेलेल्या त्या दोघांची. मी मोजली नाही. मला आधीच माहीत होती —

१० ऑगस्ट

आली. एकटी. वकील मागून येतोय, तासाभरात. कागद खरे आहेत, शिक्का आहे. ऑफिसात बसलीय, अकीलाने पाणी दिलं. रडत नाही. म्हणते, नेण्याआधी एकदा मला बघू दे तिला. कुठे ठेवलंय ते बघू दे.

सर म्हणाले, तुमची मेव्हणी. तुम्हीच न्या.

जैनुद्दीन नमाजाला गेला. आत्ता वेळ नाही नमाजाची.

वेळेवर भरणं झालं नाही तर — कोर्ट झालं तर — ती थांबलीय, फक्त थांबलीय —

खोलीच्या दारात आहे सॅब्रिना. मला हाक मारते, लान्सी, चल ना. पंखा बंद आहे. मी केला? मी नाही केला. बटण माझ्याच हाताखाली आहे.

ग्रेसीची बहीण आहे. तिला सांगायला हवं. आता सांगतो. आत पाऊल टाकण्याआधी तिला सांगायला हवं, की श्वास